एक वर्गणी, चार वाचक: पेपरवाल्यांची ही डिव्हाइसची मर्यादा तुम्हाला पटते का?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एका इंग्रजी दैनिकाची वार्षिक डिजिटल वर्गणी आहे. पैसे मी भरतो आणि लॉगिन माझ्या मोबाइल नंबरवर आहे. वाचणारे मात्र चौघे: मी आणि बायको पुण्यात, वडील साताऱ्याला, आणि मुलगी दिल्लीला राजेंद्र नगरात, युपीएससीच्या तयारीसाठी. आतापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग मध्यंतरी मेल आली की यापुढे एका खात्यावर तीनच डिव्हाइस चालतील, चौथं जोडलं की सगळ्यात जुनं आपोआप बाहेर.

तेव्हापासून रोज सकाळी घरात संगीतखुर्ची. मुलगी लॉगिन करते, की साताऱ्याला वडील बाहेर. त्यांचा फोन येतो, "अरे, पेपर परत नंबर मागतोय." ओटीपी येणार माझ्या फोनवर. मी सावकाश एकेक आकडा सांगतो, ते चष्मा शोधतात, एखादा आकडा मागेपुढे टाकतात, तोवर ओटीपीची मुदत संपते. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी वडील आत गेले की स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज, "अहो, माझं बंद पडलं!"

वडिलांना छापील पेपर सुरू करून द्या असं कोणी सांगेल म्हणून आधीच लिहितो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना टॅबवर दोन बोटांनी अक्षर मोठं करून वाचायची सवय लागली आहे. छापील पेपर ते आता हातात धरत नाहीत.

माझा प्रश्न सोपा आहे. दारात पेपर पडायचा तेव्हा तो घरातल्या किती जणांनी वाचला हे कोणी विचारत नव्हतं. मग डिजिटल झाल्यावर हा हिशेब का? तुमच्याकडे काय करता? आणि मुळात ही मर्यादा रास्त वाटते का?

टपरीवरचा

मर्यादा छापील पेपरलाही होती हो. तीर्थरूपांच्या आधी पेपरला हात लावला की आमचं लॉगआउट व्हायचं, तेही थेट घराबाहेर.

नदीकाठ

हाहाहा. आणि शब्दकोडं आधी कोणी सोडवलं तर खातं कायमचं बंद.

सव्यसाची_के

घाटमाथा, आधी एक तांत्रिक गोष्ट. कंपनी ज्याला "डिव्हाइस" म्हणते तो तुमचा फोन किंवा टॅब नसतोच बहुतेक वेळा. तुम्ही लॉगिन केलं की सर्व्हर एक टोकन, म्हणजे ओळखीचा बिल्ला, देतो आणि ते त्या ब्राउझरच्या कुकीत (ब्राउझरने जपून ठेवलेल्या छोट्या नोंदीत) किंवा अ‍ॅपमध्ये साठवलं जातं. मोजणी होते ती या टोकनांची. म्हणजे एकाच लॅपटॉपवर क्रोममध्ये एकदा आणि फायरफॉक्समध्ये एकदा लॉगिन केलं, तर माणूस एक, लॅपटॉप एक, पण हिशेबात डिव्हाइस दोन. फोनवर अ‍ॅप आणि ब्राउझर दोन्ही वापरलं तर तेही दोन. इन्कॉग्निटोमध्ये लॉगिन केलं तर खिडकी बंद करताच कुकी जाते, पण सर्व्हरच्या यादीत ते टोकन काही काळ तसंच राहतं.

आणखी एक गंमत. फेसबुकवर बातमीच्या लिंकवर टिचकी मारली की ती बऱ्याचदा फेसबुकच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते. तिथे तुमचं क्रोममधलं लॉगिन चालत नाही, मग माणूस पुन्हा ओटीपी टाकतो, की झालं आणखी एक डिव्हाइस. आयफोनवर सफारी तर २०१९ पासून काही प्रकारच्या कुकी सात दिवसांत पुसून टाकते. साइटने लॉगिन त्या प्रकारच्या कुकीत ठेवलं असेल तर दर आठवड्याला तुम्ही "नवे".

त्यामुळे घरात माणसं चार असली तरी यादीत नऊ-दहा डिव्हाइस निघाली तर नवल वाटून घेऊ नका. खात्याच्या सेटिंगमध्ये "सगळीकडून लॉगआउट" असा पर्याय असेल. तो एकदा दाबा आणि मग प्रत्येकाने फक्त अ‍ॅपमधून लॉगिन करायचं, ब्राउझरला हात लावायचा नाही, असं ठरवून घ्या. निम्मी कटकट कमी होईल.

घाटमाथा

@सव्यसाची_के, यादी उघडून पाहिली. त्यात "अँड्रॉइड, अज्ञात" अशा तीन नोंदी आहेत आणि तिन्ही वडिलांच्या एकाच टॅबच्या निघाल्या! ते कधी अ‍ॅपमधून वाचतात, कधी गुगलवर पेपरचं नाव टाइप करून. आता अ‍ॅपचं चिन्ह पहिल्या पानावर ठेवायला शेजारच्या मुलाला सांगितलंय.

कोरडा_पाऊस

जरा विरोधी सूर लावतो. चार माणसं, तीन शहरं, एक वर्गणी. हे "घर" कसलं? दिल्लीतली मुलगी आणि साताऱ्यातले आजोबा, दोघांच्या दारात छापील पेपर टाकायचा असता तर दोन वर्गण्या भरल्याच असत्या ना? दारात पडणारा पेपर साताऱ्याहून दिल्लीला जात नव्हता. बातमी आणणाऱ्या माणसाला पगार लागतो. वर्षाचे हजार-दोन हजार रुपये जड वाटतात, आणि एका पिझ्झाला सातशे रुपये देताना कोणी डिव्हाइस मोजत नाही.

टपरीवरचा

आला, आला, पिझ्झा आला! धागा आता शंभरी गाठणार.

फोंडेकार

कोरडा_पाऊस, पिझ्झाचे तुकडे आम्ही चौघांत वाटून खातो मरे. दुकानदार चौथ्याच्या तोंडातून ओढून काढत नाही.

आमच्या फोंड्याच्या बाजारात सलून आहे. तिथे रोज एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर येतो. नंबर लागेपर्यंत प्रत्येक गिऱ्हाईक दोन्ही वाचतं, मालकाला तेवढं फक्त मृत्यूच्या जाहिरातींचं पान आधी लागतं. अर्धे लोक तर दाढी घरी करूनच येतात, नुसते पेपर वाचायला. उद्या हा मालक डिजिटल झाला तर काय, दर गिऱ्हाइकाला ओटीपी देणार?

भरडधान्य

घाटमाथा, तुमच्या मुलीची बाजू मी सांगते. मी चार वर्षं सदाशिव पेठेत एमपीएससी केली. अभ्यासिकेत इंग्रजी पेपरचा एकच अंक यायचा आणि येताच त्याची पानं सुटी व्हायची. संपादकीयाचं पान कुणाकडे आहे हे शोधत फिरावं लागायचं. ज्याच्या हातात ते असायचं तो त्या तासापुरता राजा. काहीजण त्याच पानावर पेन्सिलीने खुणा करायचे, त्यावरून भांडणं व्हायची.

मग डिजिटल आलं. आमच्या खोलीतल्या सहाजणींनी मिळून एक वर्गणी घेतली. पण ती जिच्या नंबरवर होती ती सुट्टीला परभणीला गेली, गावात रेंज नाही, आणि पाचजणींचा पेपर बंद. त्यानंतर मुली टेलिग्रामकडे वळल्या. तिथे सकाळी सहाच्या आत पीडीएफ पडलेली असायची, जाहिरातींची पानं काढून, महत्त्वाच्या बातम्यांना पिवळा रंग लावून. फुकट! कंपनीने डिव्हाइस कमी केले की मुलं वर्गणी वाढवत नाहीत, पीडीएफच्या वाटेला लागतात. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलंय ते सांगते.

मनमाड_जंक्शन

मी एका मराठी दैनिकाच्या वितरण विभागातून निवृत्त झालो, म्हणून दुसऱ्या बाजूचं थोडं लिहितो. नाव विचारू नका.

भरडधान्य यांनी सांगितलं त्याचीच आम्हाला धास्ती असायची. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्यात पेपर घरोघरी टाकणं बंद झालं. तेव्हा अनेक दैनिकांनी ई-पेपर पाठवायला सुरुवात केली आणि त्याच्या पीडीएफ प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागल्या. लोकांना वाटायचं, बातमी तर सगळ्यांची असते, पुढे पाठवली तर बिघडलं काय? इंडियन न्यूजपेपर सोसायटीला तेव्हा सांगावं लागलं की हे बेकायदेशीर आहे. ज्या वाचकाला सहा महिने फुकट पीडीएफची सवय लागली, तो नंतर छापील पेपरकडे परतला नाही आणि डिजिटलचे पैसेही त्याने दिले नाहीत. एजंटांच्या लाइनी गेल्या त्या गेल्याच. पहाटे चार वाजता गठ्ठे फोडून पुरवण्या भरणारी पोरं दुसऱ्या कामाला लागली.

आता डिव्हाइसचं. घरातल्या चौघांनी वाचलं म्हणून कंपनीचं पोट दुखत नाही. दुखतं ते एका लॉगिनवर अख्खी अभ्यासिका किंवा अख्खं ऑफिस वाचायला लागतं तेव्हा. मी स्वतः एक सोसायटी पाहिली आहे, जिथे सचिवाच्या नावावर एक वर्गणी होती आणि सूचना फलकावर, पाण्याच्या वेळापत्रकाखाली, पासवर्ड चिकटवला होता. सर्व्हरला चौघांचं कुटुंब आणि ती सोसायटी वेगळी दिसत नाही. म्हणून सरसकट आकडा ठरवला जातो.

नदीकाठ

@मनमाड_जंक्शन, तुमचा मान राखून एक विचारतो. मी काही वर्षं जाहिरात संस्थेत माध्यम नियोजनात होतो. तुमच्यासारख्या वर्तमानपत्रांचे लोक आमच्याकडे यायचे तेव्हा हातात दोन आकडे असायचे. एक एबीसीचा, म्हणजे ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचा, खपलेल्या प्रतींचा. दुसरा आयआरएसचा, म्हणजे इंडियन रीडरशिप सर्व्हेचा, वाचकांचा. जाहिरातीचा दर वाढवून मागताना पुढे कोणता आकडा यायचा? वाचकांचा! "साहेब, आमची एक प्रत घरातले चार-पाच जण वाचतात, शेजारी वाचतो, सलूनमध्ये वाचली जाते" हे मी असंख्य वेळा ऐकलंय. फोंडेकारांच्या त्या सलूनचं अप्रूप सगळ्यात जास्त पेपरवाल्यांनाच होतं.

तेव्हा एका प्रतीवर पाच वाचक असणं ही मिरवायची गोष्ट होती. आज एका वर्गणीवर पाच वाचक असले की ती चोरी. घाटमाथांच्या घरात बदललं काहीच नाही. बदललंय ते पेपरला पैसे कोण देतं एवढंच.

मनमाड_जंक्शन

@नदीकाठ, वर्मावर बोट ठेवलंत. खरं आहे ते. छापील अंकाची किंमत कधीच त्याच्या खर्चाएवढी नव्हती, कागदाचे पैसेही त्यातून सुटत नसत. उरलेला सगळा भार जाहिरातदार उचलायचा. त्यामुळे जितके जास्त डोळे, तितकं आम्हाला बरं. वाचकाला आम्ही जवळजवळ फुकट पेपर देत होतो आणि त्याचे डोळे विकत होतो. हे तेव्हा कोणी असं बोलत नसे, पण धंदा तोच होता.

डिजिटलमध्ये जाहिरातीचा मोठा वाटा गुगल आणि फेसबुककडे गेला. बातमी आमची, जाहिरातीचा पैसा त्यांचा. उरला वाचक. मग त्याच्याकडूनच पूर्ण खर्च काढायचा म्हटल्यावर डोकी मोजणं आलं. मला हे आवडतं असं नाही. पण आमच्या पिढीने वाचकाला सवय लावली की पेपर म्हणजे चार-पाच रुपयांत मिळणारी वस्तू, आणि त्यातलेही काही रुपये वर्षाअखेर रद्दीतून परत. त्या सवयीची किंमत आता घाटमाथांच्या वडिलांना ओटीपीच्या रूपाने मोजावी लागते.

टपरीवरचा

रद्दी! डिजिटलचा खरा तोटा हाच. आमच्या आईने महिन्याच्या रद्दीतून स्टीलचे डबे जमवले होते. त्या अ‍ॅपला विचारा, वर्षभराच्या वाचलेल्या बातम्या किलोने घेता का.

वकिलीणबाई

कायद्याचं थोडं, कारण धाग्यात दोन गोष्टी एकत्र कालवल्या जातायत.

पीडीएफ काढून ग्रुपवर टाकणं हा कॉपीराइटचा प्रश्न आहे. १९५७ च्या कायद्याखाली तो हक्कभंग. यावर मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेशही आहे: जागरण प्रकाशनाने टेलिग्रामविरुद्ध दावा लावला होता, कारण त्यांचा ई-पेपर चॅनेलांवर रोज फिरत होता. न्यायालयाने टेलिग्रामला ते चॅनेल काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. तेव्हा भरडधान्य, त्या पिवळ्या रंगवाल्या पीडीएफपासून लांबच बरं.

लॉगिन घरात वाटून घेणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे प्रश्न कराराचा. तुम्ही "मला मान्य आहे" वर टिचकी मारता तेव्हा बहुतेक ठिकाणी "वैयक्तिक, बिगरव्यापारी वापर" असं लिहिलेलं असतं. कुटुंबाचं काय, ते काही कंपन्या स्पष्ट लिहितात, बऱ्याच लिहीतच नाहीत. करार मोडला तर कंपनी सेवा थांबवू शकते, पण म्हणून तुम्ही चोर ठरत नाही.

आणि घाटमाथा, तुमच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की अट वर्षाच्या मध्येच आली. तुम्ही वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत. भरताना पाच डिव्हाइस किंवा अमर्याद असं कुठे लिहिलं होतं का? जुनी पावती, जुनी मेल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट शोधा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "अन्याय्य करार" ही कल्पना आली आहे. कंपनीने एकतर्फी अट बदलून ग्राहकाचं नुकसान केलं तर त्याला आक्षेप घेता येतो. मात्र अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा नाही, राज्य आयोगापुढे करावी लागते. एवढ्या रकमेसाठी कोणी तिथवर जाणार नाही हे मलाही कळतं. पण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवायला पैसे पडत नाहीत, आणि तिथून कंपनीकडे विचारणा गेली की उत्तराची भाषा बदलते.

कोरडा_पाऊस

@वकिलीणबाई, मध्येच अट बदलली असेल तर ते चूक, हे मान्य. पुढच्या वर्षापासून लागू करायला हवी होती. बाकी माझं मत कायम.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत काय चालतं ते सांगतो. न्यूयॉर्क टाइम्सचा वर्गणीदार महिन्याला दहा लेख भेट म्हणून पाठवू शकतो. लिंक मिळालेल्याला पेवॉल, म्हणजे वर्गणीशिवाय न उघडणारं कुलूप, आड येत नाही. माझे बाबा नाशिकला असतात, त्यांना मी क्रिकेटचं आणि अर्थव्यवस्थेचं काही आलं की पाठवतो. त्यांचं म्हणणं, "दहाच पाठव, जास्त वाचायला वेळ कुणाला आहे?" सगळ्या घराला रोज लॉगिन लागतंच असं नाही. पुष्कळांना आठवड्यातून दोन लेखच हवे असतात.

अ‍ॅपलच्या न्यूज प्लसचं आणखी सोपं आहे, फॅमिली शेअरिंगमध्ये सहाजण धरून एकच वर्गणी, प्रत्येकाचं लॉगिन आपापलं. ओटीपी मागायला कोणी कोणाच्या मागे धावत नाही. भारतात मात्र ती सेवा नाही.

पण मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे गावची लायब्ररी. कार्ड फुकट. त्या कार्डावर अनेक लायब्ररी न्यूयॉर्क टाइम्सचा ठरावीक तासांचा पास देतात, बऱ्याच ठिकाणी ७२ तासांचा. संपला की पुन्हा घ्यायचा. पैसे लायब्ररी भरते, पेपरला पैसे मिळतात, वाचणाऱ्याला डिव्हाइसची चिंता नाही.

भरडधान्य

एडिसनकर, हे आपल्याकडे व्हायला काय हरकत आहे? शासनमान्य ग्रंथालयं आहेत, अनुदान आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, १९६७ चा कायदा आहे. मुक्तद्वार वाचनालयात सकाळी आजोबांची रांग असते, एकाने पेपर खाली ठेवला की दुसऱ्याचा हात तयार. तिथे संस्थेच्या नावाने डिजिटल वर्गणी आणि सदस्यांना घरून वाचायची सोय, एवढं तर करता येईल.

सव्यसाची_के

संशोधनाच्या नियतकालिकांसाठी केंद्राने असं केलंय. "वन नेशन वन सबस्क्रिप्शन", नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, सुमारे १३,००० जर्नल, सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. पेपर त्यात नाहीत. अर्थात सरकारने पेपरची वर्गणी भरायची म्हटलं तर वेगळाच प्रश्न उभा राहतो.

टपरीवरचा

तोच की, आजोबांच्या हातात कुठला पेपर पडणार हे मंत्रालयात ठरणार. :)

नदीकाठ

विषयांतर होतंय पण राहवत नाही. कोणाला २०१७ चं नेटफ्लिक्सचं ट्विट आठवतं का, की प्रेम म्हणजे पासवर्ड वाटून घेणं? २०२३ मध्ये त्यांनीच भारतातही कुलूप लावलं. प्रेम सहा वर्षांत आटलं. :)

सव्यसाची_के

नेटफ्लिक्सला ते जमलं कारण त्यांच्याकडे "घर" ओळखायला भिंतीवरचा टीव्ही आहे. टीव्ही ज्या वायफायवर, ते घर. पेपर वाचला जातो फोनवर, आणि आपल्याकडे मोबाइल नेटवर हजारो लोक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे, असतात. त्यामुळे आयपीवरून एकाच घरातले कोण हे कळत नाही. मग सोपा उपाय म्हणून टोकन मोजतात.

एकूण मर्यादा दोन तऱ्हेच्या असतात. एक, नोंदलेल्या डिव्हाइसची संख्या, जी घाटमाथांच्या वाट्याला आली आहे. दुसरी, एका वेळी किती जण वाचतायत त्याची. दुसरी मला जास्त न्याय्य वाटते. चार डिव्हाइस नोंदवा, एका वेळी दोनच चालतील. घरातल्या माणसांना पुरतं आणि सोसायटीच्या फलकावर चिकटवलेला पासवर्ड आपोआप निकामी होतो.

मनमाड_जंक्शन

@सव्यसाची_के, सिनेमाला ते बरोबर. पण पेपर वाचायची वेळ सगळ्यांची एकच हो, सकाळी साडेसहा ते साडेआठ. घाटमाथांकडेही साताऱ्यात चहा आणि दिल्लीत चहा एकाच वेळी. दोनवर अडवलं तर भांडण तेच.

सव्यसाची_के

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग एका वेळी चार करा. पस्तीस जणांची अभ्यासिका तरीही अडकेलच.

फोंडेकार

माझ्या मित्राचं दुसरंच दुखणं. त्याच्या वर्गणीचे पैसे दरवर्षी कार्डातून परस्पर जायचे. २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा नियम आला की असे परस्पर पैसे कापायला ग्राहकाची नव्याने मंजुरी हवी, तेव्हा कार्डाचा आदेश रद्द झाला आणि पेपर बंद. त्याला वाटलं डिव्हाइस जास्त झाले म्हणून बंद झालं, बायकोचा फोन खात्यातून काढून टाकला. ती आठवडाभर बोलली नाही.

वकिलीणबाई

हाहाहा. आता १५,००० रुपयांपर्यंतच्या आवर्ती व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. ती मेल वाचत जा म्हणावं मित्राला. दर वाढवलेला असतो तो तिथेच कळतो. आणि पावतीही पाहा: माझ्या डिजिटल वर्गणीवर १८ टक्के जीएसटी लागला आहे, दारात पडणाऱ्या छापील पेपरवर काहीच नाही. बातमी तीच!

कोरडा_पाऊस

हे मात्र मला माहीत नव्हतं. यावर धागा काढायला हवा.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. वकिलीणबाईंच्या सांगण्यावरून जुन्या मेल धुंडाळल्या. गेल्या वर्षी पैसे भरले तेव्हाच्या मेलमध्ये "तुमच्या सर्व डिव्हाइसवर वाचा" असं ठळक अक्षरात आहे. तो स्क्रीनशॉट जोडून ग्राहक सेवेला लिहिलं. पहिलं उत्तर यंत्राने लिहिल्यासारखं होतं, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" वगैरे. १९१५ ला तक्रार नोंदवून तिचा क्रमांक कळवला, तेव्हा एका बाईंचा फोन आला. त्यांनी चालू वर्गणी संपेपर्यंत पाच डिव्हाइस करून दिले आहेत. पुढच्या वर्षी तीनच.

कोरडा_पाऊस यांच्या मुद्द्यावर घरात चर्चा झाली. मुलगी म्हणाली, "बाबा, दिल्लीत माझं घर वेगळंच आहे, ते बरोबर बोलतायत." त्या दैनिकाचा विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर आहे, कॉलेजचं ओळखपत्र लागतं. ती आता कॉलेजात नाही, म्हणून क्लासचं ओळखपत्र चालतं का ते विचारतेय. ती वेगळी झाली की आम्ही तिघं तीन डिव्हाइसमध्ये बसतो, फक्त वडिलांनी गुगलवरून जायचं नाही.

मला मात्र नदीकाठ यांचं पटलं, बदललंय ते पैसे कोण देतं एवढंच. मग माझं म्हणणं, कुटुंब हा पर्याय अधिकृतपणे द्या, थोडे जास्त पैसे घ्या, प्रत्येकाला आपापल्या नंबरवर लॉगिन द्या. दीडपट दिले असते मी. दुप्पट नाही.

कोरडा_पाऊस

दीडपट आणि वेगवेगळं लॉगिन, याला माझा पूर्ण पाठिंबा. बघा, जुळलं आपलं.

मनमाड_जंक्शन

घाटमाथा, हे असंच्या असं त्यांना लिहून पाठवा. अशी पत्रं आमच्याकडे यायची तेव्हा ती वितरणाच्या बैठकीत वाचली जायची, खोटं नाही सांगत. "पैसे वाढवा" म्हणणारा ग्राहक दुर्मीळ.

भरडधान्य

क्लासच्या ओळखपत्राचं कळलं तर इथे नक्की लिहा. माझी धाकटी बहीण जूनपासून सदाशिव पेठेत येतेय.

घाटमाथा

@भरडधान्य, मुलीचा आत्ताच मेसेज आला. क्लासचं चालत नाही. पण मुक्त विद्यापीठात एमएला नाव घातलं असेल तर ते ओळखपत्र चालतं म्हणतात, आणि तिच्या खोलीतल्या दोघींनी तेच केलंय. बहिणीला प्रवेशाची तारीख बघायला सांगा.